वकिलातीचं दार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. इमारती बांधणं हा माझा धंदा नव्हे आणि परराष्ट्र व्यवहार तर त्याहून नव्हे. तरीही आज मी तुमच्याशी परदेशात बांधल्या जाणाऱ्या वकिलातींबद्दल बोलणार आहे. त्याला कारण आहे एक दार. खरं म्हणजे दारही नाही, एक खिडकी.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा असेन. माझे मामू आखातात नोकरीला निघाले होते. व्हिसाच्या कामासाठी त्यांना मुंबईत एका देशाच्या कचेरीत जायचं होतं आणि मुंबई पाहायला मिळेल म्हणून मीही कोकणातून त्यांच्यासोबत आलो होतो. पहाटे चार वाजता आम्ही रांगेत उभे राहिलो. पाऊस होता. मामूंनी पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आत छातीशी धरला होता. दुपारी एकच्या सुमारास भिंतीतल्या एका छोट्या खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यानं पासपोर्ट घेतला आणि खिडकी बंद झाली. परतताना मी विचारलं, "मामू, आत कसं आहे?" ते म्हणाले, "बाळा, मी हातच पाहिला. घर कुठे पाहिलं?"

ते घर कसं असतं, ते कोण बांधतं, कुणाच्या जमिनीवर बांधतं आणि त्याला इतकीच खिडकी का ठेवतं, हे प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहेत. पुढं बी.ए. झालो, नोकरी केली, कविता लिहिल्या, आणि अधूनमधून या विषयावरचं मिळेल ते वाचत राहिलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

आधी शब्दाचं बघू. आपण मराठीत 'वकिलात' म्हणतो. 'वकील' हा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आला. ज्याच्यावर आपलं काम सोपवलं तो वकील. आज वकील म्हटलं की काळा कोट डोळ्यांसमोर येतो; पण पेशवाईत वकील म्हणजे परराज्याच्या दरबारात आपला माणूस. दिल्लीला हिंगणे होते, हैदराबादला निजामाकडे गोविंदराव काळे होते. त्यांनी पाठवलेली पत्रं हे मराठ्यांच्या इतिहासाचं मोठं साधन आहे.

परक्या सत्तेची वकिलात आपल्या मुलखातही होती. १७८६ साली इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट पुण्यात आला. गावाबाहेर, मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. जागा मोकळी, हवेशीर, शहरापासून थोडी दूर. वकिलातीला जवळही असावं लागतं आणि अंतरही राखावं लागतं, हे त्या जागेवरूनही दिसतं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पेशव्यांच्या फौजेनं ती रेसिडेन्सी जाळली. एल्फिन्स्टन वेळेवर बाहेर पडला. त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं मात्र आगीत गेली. दोन राज्यांमधलं बोलणं संपलं की पहिली ठिणगी वकिलातीच्या छपरावर पडते, ही गोष्ट त्यानंतर जगात अनेकदा घडली.

म्हणूनच या घरासाठी कायदा करावा लागला. १९६१ साली व्हिएन्ना इथं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सामील आहे आणि त्यासाठी आपल्या संसदेनं १९७२ साली वेगळा कायदाही केला. पुष्कळांना वाटतं की वकिलातीची जमीन ही त्या परक्या देशाची भूमी असते. तसं नाही. दिल्लीतल्या फ्रेंच वकिलातीखालची जमीन भारताचीच आहे. कराराचं कलम बावीस सांगतं ते वेगळंच: वकिलातप्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाच्या पोलिसांना किंवा अधिकाऱ्यांना तिथं पाऊल टाकता येत नाही. आणि त्याच वेळी त्या घराचं रक्षण करण्याची खास जबाबदारीही यजमान देशावरच असते. आत यायचं नाही, पण बाहेर उभं राहून राखण करायची. दोन देशांचे संबंध तुटले, युद्ध पेटलं, तरी ही जबाबदारी संपत नाही.

यातून बांधकामात एक गंमत होते. पाहुण्या देशानं यजमान देशाचे कायदे पाळायचे असतात, म्हणजे इमारतीची उंची, रस्त्यापासूनचं अंतर, आगीचे नियम, सगळं आलं. पण इमारत वापरात आली की नगरपालिकेचा इन्स्पेक्टर दार ठोठावून "बघू द्या" म्हणू शकत नाही. त्यामुळे नकाशा मंजूर होण्याआधीच सगळी बोलणी व्हावी लागतात, आणि ती बरीच लांबतात.

पहिली अडचण असते जमिनीची. ती बाजारात जाऊन घेता येतेच असं नाही. पुष्कळदा मामला देवाणघेवाणीचा असतो: तुम्ही आम्हाला तुमच्या राजधानीत अमुक जागा द्या, आम्ही तुम्हाला आमच्या राजधानीत देतो. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत चाणक्यपुरी वसवली गेली ती अशा वकिलातींसाठीच. रुंद रस्ते, मोठाले भूखंड, आणि नाव अर्थशास्त्राच्या कर्त्याचं. आपल्या सरकारलाही बाहेर असे भूखंड मिळतात. पण कधी स्थानिक परवानगी, कधी नकाशे, कधी निधी, यांत वर्षं जातात. भूखंड रिकामा पडतो आणि कचेरी भाड्याच्या जागेत चालते. कॅगनं यावर ताशेरे ओढले आहेत.

जागा मिळाली की नकाशा. वकिलातीचा नकाशा समजून घ्यायचा तर आपला जुना वाडा आठवावा. देवडीवर पहारेकरी. पुढं बाहेरचा चौक, तिथं कुणीही यावं. मग सदर, तिथं कामाची माणसं बसणार. मग आतला चौक, माजघर, ते घरच्यांसाठी. आणि सगळ्यांत आत जामदारखाना, त्याची किल्ली एकाच्याच कमरेला. वकिलातीतही अशाच कक्षा असतात. व्हिसा-पासपोर्टचा भाग बाहेरच्या बाजूला आणि त्याला बहुधा वेगळं दार. नंतर सांस्कृतिक विभाग, ग्रंथालय, समारंभाचा दिवाणखाना. त्यामागं अधिकाऱ्यांची दालनं. आणि अगदी आत, बहुधा वरच्या मजल्यावर, गुप्त संदेशांची खोली. तिथं वकिलातीतल्याही सगळ्यांना प्रवेश नसतो. राजदूताला भेटायला आलेला मंत्री आणि व्हिसासाठी आलेला मजूर यांच्या वाटा एकमेकींना छेदू नयेत, इतकी काळजी आराखड्यात घेतलेली असते.

पण वाड्याला नसलेली एक जबाबदारी या घरावर असते. त्याला आपल्या देशाचा चेहरा दाखवायचा असतो, तोही दुसऱ्याच्या गावात, त्याच्या हवेत, त्याच्या डोळ्यांना खुपणार नाही अशा रीतीनं.

याचं नावाजलेलं उदाहरण दिल्लीतच आहे. अमेरिकेनं आपल्या वकिलातीसाठी एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुरचनाकाराला नेमलं. १९५६ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५९ च्या जानेवारीत इमारतीचं उद्घाटन झालं. स्टोननं काय केलं? दिल्लीचं ऊन पाहिलं आणि आपल्याकडची जाळी उचलली. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तीच कल्पना स्टोननं सिमेंटच्या ठोकळ्यांत आणली. जाळीच्या भिंती, मध्ये पाण्याचा चौक, बाहेर सडपातळ सोनेरी खांब, आणि उन्हाचा ताप अडवणारं दुहेरी छप्पर. नेहरूंना ती इमारत आवडली होती. परक्या घरानं यजमानाच्या भाषेतले चार शब्द शिकून यावेत, तशी ती आहे. मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. जाळीतून आतल्याला बाहेरचं दिसतं. बाहेरच्याला आतलं दिसत नाही. २०२१ साली त्या आवारात नव्या बांधकामाला सुरुवात झाली, तेव्हा स्टोनची मूळ इमारत राखायचीच असं ठरलं होतं.

आपण बाहेर काय दाखवलं? पारतंत्र्यात असतानाच, १९३० साली, लंडनमध्ये ऑल्डविच इथं इंडिया हाऊस उभं राहिलं. नवी दिल्ली घडवणाऱ्या हर्बर्ट बेकरनं ते बांधलं आणि भारतीय चित्रकारांनी आतल्या भिंती रंगवल्या. सतरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि तेच घर स्वतंत्र भारताचं उच्चायुक्तालय झालं.

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघातल्या आपल्या कायम प्रतिनिधींची कचेरी आहे. ती केली आपल्या मुंबईच्या चार्ल्स कोरिया यांनी. त्रेचाळिसाव्या रस्त्यावरची चिंचोळी जागा, दोन्हीकडे उंच इमारती. खालच्या मजल्यांवर कचेरी, वरच्या मजल्यांवर कर्मचाऱ्यांची घरं. खालचा भाग लाल ग्रॅनाइटचा, आणि अगदी माथ्यावर एक मोठी उघडी ओसरी. आपल्याकडं उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपायला जातात, त्या गच्चीची आठवण थेट मॅनहॅटनच्या आभाळात.

बर्लिनची गोष्ट आणखी वेगळी. जर्मनी एक झाल्यावर राजधानी बॉनहून बर्लिनला आली आणि सगळ्या देशांना तिथं नव्यानं घरं बांधावी लागली. भारतानं लेऑन वोलहागे वेर्निक या बर्लिनच्याच वास्तुरचनाकारांना काम दिलं. त्यांनी राजस्थानचा लाल वालुकाश्म तिथं नेला. २००१ साली टिअरगार्टन या मोठ्या उद्यानाच्या कडेला ती लाल इमारत पूर्ण झाली. जर्मन हातांनी आणि आपल्या दगडानं बांधलेलं हे भारताचं घर आहे. तिथून जवळच पाच नॉर्डिक देशांनी मिळून एकच आवार केलं आहे. भोवती तांब्याच्या हिरव्या पट्ट्यांचं एक लांबच लांब कडं, आत प्रत्येकाचं वेगळं घर आणि सगळ्यांचं मिळून एक सामायिक घर, तिथं प्रदर्शनं भरतात. भावाभावांनी वाडा न फोडता राहावं, तसं.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू भाग. आपल्यात म्हण आहे, भिंतीलाही कान असतात. वकिलातींच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली आहे.

१९४५ साली सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला एक कोरीव लाकडी राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लागलं. १९५२ मध्ये कळलं की त्याच्या पोटात ऐकण्याचं यंत्र आहे. त्याला ना तार होती ना बॅटरी. सात वर्षं ते ऐकत होतं.

पुढं १९७९ साली अमेरिकेनं मॉस्कोत नव्या वकिलातीचं बांधकाम सुरू केलं. करारानुसार काम सोव्हिएत मजुरांकडं होतं, आणि काँक्रीटचे खांब, तुळया असे भाग दुसरीकडं ओतून तयार होऊन जागेवर येत. १९८५ मध्ये काम थांबवलं गेलं, कारण कान एखाद्या खोलीत लपवलेले नव्हते. ते खांबांत, तुळयांतच होते. इमारतीचा सांगाडाच हेर झाला होता. ती पाडावी की ठेवावी, यावर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद चालला. १९९१ च्या डिसेंबरात, सोव्हिएत संघ मावळत असताना, केजीबीचे प्रमुख वादिम बाकातिन यांनी स्वतः अमेरिकन राजदूत रॉबर्ट स्ट्रॉस यांना त्या यंत्रांचे नकाशे दिले. शेवटी वरचे दोन मजले उतरवून त्यांच्या जागी चार नवे चढवले गेले, अमेरिकेतून पहाऱ्यात आणलेल्या सामानानं आणि अमेरिकन कामगारांच्या हातानं. इमारत वापरात आली २००० साली. पाया घातल्यापासून वीस वर्षं! आज संवेदनशील ठिकाणी वकिलात बांधताना आतल्या कक्षेचं सामान बंद पेट्यांतून येतं आणि पेटी फोडण्यापासून गिलावा होईपर्यंत तिच्यावर आपल्या माणसाची नजर असते, ते यामुळेच.

कानांपेक्षा भयंकर धोका होता बॉम्बचा. १८ एप्रिल १९८३ रोजी बैरुतमधल्या अमेरिकन वकिलातीवर स्फोटकांनी भरलेली गाडी घालण्यात आली. ६३ माणसं मेली. त्यानंतर नेमलेल्या समितीनं १९८५ मध्ये सांगितलं की इमारत रस्त्यापासून किमान शंभर फूट आत हवी. स्फोटाचा जोर अंतरानं झपाट्यानं कमी होतो, म्हणून पोलादी भिंतीपेक्षाही मोकळी जागा जास्त वाचवते. पण पैसा, जागा, वेळ यांची ओढाताण झाली आणि बऱ्याच वकिलाती जिथल्या तिथं राहिल्या. नैरोबीची वकिलात शहराच्या ऐन गर्दीत, रस्त्याला लागून होती. ७ ऑगस्ट १९९८ रोजी तिथं आणि दार-ए-सलाममध्ये काही मिनिटांच्या अंतरानं स्फोट झाले. दोन्हीकडची मिळून २२४ माणसं गेली. त्यांतली बहुसंख्य आफ्रिकन होती: कारकून, वाटसरू, शेजारच्या इमारतीत कामाला आलेल्या मुली. नैरोबीत मोठ्या स्फोटाआधी लहान आवाज झाला, तो काय म्हणून लोक खिडक्यांशी गेले, आणि काचांनी कितीतरी जणांचे डोळे गेले. आज त्या जागी स्मृती उद्यान आहे.

पुढच्याच वर्षी अमेरिकेनं शंभर फुटांचा कायदा केला. मग वकिलाती शहराबाहेर गेल्या, मोठ्या आवारांत, उंच भिंतींमागं. काम लवकर व्हावं म्हणून लहान, मध्यम आणि मोठी अशा ठरावीक साच्यांतून इमारती निघू लागल्या. जीव वाचवण्यासाठी हे गरजेचं होतं, हे मान्य करायलाच हवं. जो राजदूत संध्याकाळी घरी परतायला हवा, त्याच्या बायकामुलांना सौंदर्याच्या गोष्टी सांगता येत नाहीत. पण त्या देशांतले लोक विचारू लागले, ही वकिलात की किल्ला? आणि खुद्द मुत्सद्दीही म्हणू लागले की गावापासून इतकं लांब बसून गावाची खबर कशी मिळणार?

यातून मधली वाट शोधण्याचा प्रयत्न म्हणजे लंडनमधली अमेरिकेची नवी वकिलात. आधीची ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये होती, ईरो सारिनेननं केलेली, १९६० ची. तिथं शंभर फूट मिळणं अशक्य होतं. नवी इमारत थेम्सच्या दक्षिणेला नाइन एल्म्स भागात किरनटिंबरलेक या संस्थेनं केली. ती २०१८ च्या जानेवारीत उघडली. काचेचा मोठा चौकोनी ठोकळा, उन्हापासून आडोसा म्हणून बाहेरून पारदर्शक शिडांसारखी पटलं. भोवती उंच कुंपण दिसत नाही. त्याऐवजी अर्धवर्तुळाकार तळं, चढ-उतार, गवत, बाकांसारखे कठडे. म्हणजे खंदक आहेच, पण त्याला बागेचं रूप दिलं आहे. कुणी म्हणेल, हे नुसतं सोंग आहे. मला तसं वाटत नाही. आपल्या भीतीचं ओझं रस्त्यानं जाणाऱ्याच्या डोक्यावर न टाकण्याइतकी सभ्यता त्यात आहे.

श्रोतेहो, हे सगळं वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. खांब, दगड, काच, स्फोटापासूनचं अंतर, यांवर खूप लिहिलेलं सापडतं. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसावर फार थोडं सापडतं. खरं तर वकिलातीत सर्वांत जास्त माणसं येतात ती त्याच दारानं. राजदूताच्या दिवाणखान्यात वर्षाला काही शे पाहुणे येत असतील; व्हिसाच्या खिडकीशी हजारो येतात. त्यांना तो देश प्रथम दिसतो तो त्या खिडकीत. आणि परदेशात राहणाऱ्या आपल्याच माणसांसाठी ती वकिलात म्हणजे मायदेशाचा एकमेव उंबरठा असतो.

माझे मामू नंतर कुवेतमध्ये होते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा आत शिरल्या. मालक पळाला. मामूंचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिला. गावाकडं आमच्या घरात चूल पेटत होती, पण जेवण कुणाला जात नव्हतं. त्या दिवसांत मामू भारतीय वकिलातीत गेले. पुढं अम्मानमार्गे विमानांनी एक लाखाहून जास्त भारतीय परत आणले गेले, त्यांत तेही आले. घरी आल्यावर मी त्यांना तोच लहानपणचा प्रश्न विचारला, "मामू, आत कसं होतं?" मला वाटलं, ते गर्दीबद्दल सांगतील, गोंधळाबद्दल सांगतील. ते सगळं होतंच. पण त्यांनी सांगितलं ते एवढंच: "नाव लिहून घेण्याआधी त्या माणसानं मला 'बसा' म्हटलं. मग पाणी दिलं."

इमारत कशी होती, हे त्यांना आठवत नव्हतं.

उद्या कुठल्या तरी राजधानीत आपली नवी वकिलात उभी राहील. नकाशे टेबलावर पसरले जातील. दगड कुठला, जाळी कशी, भिंत किती जाड, यांवर चर्चा होईल, आणि ती व्हायलाच हवी. त्या टेबलाशी बसणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की कागदावर पहिली रेघ ओढाल ती रांगेसाठी ओढा. तिच्यावर छप्पर असू द्या. खाली बाक असू द्या, जवळ पाण्याचा नळ आणि बायकामुलांसाठी स्वच्छतागृह असू द्या. खिडकी एवढी मोठी करा की तिच्यातून नुसता हात नाही, आतल्या माणसाचा चेहराही दिसेल. शंभर फुटांच्या त्या मोकळ्या जागेत हे सगळं मावतं.